तळाखालचं पाणी

त्या दिवशी सकाळी मी यंत्राला डोळे लावले आणि मला पाणी तळाच्या खाली दिसलं.

वाहणाऱ्या पाण्याखाली सिमेंटचा तळ असतो, तळावर पाणी असतं. मला दिसलं ते उलटं होतं. दोन्ही बाजूंच्या भिंती जागेवर, तळ जागेवर, आणि पाणी मात्र मधोमध तळाला भोक पडून खाली गेल्यासारखं. मी डोळे बाजूला घेतले, चष्म्याच्या कापडानं भिंगं पुसली, पदरानं डोळे पुसले आणि परत पाहिलं. पाणी तिथंच होतं, तळाच्या खाली, काठाशी थोडं वर आणि मध्ये खोल.

हे नीट कळायला आमचं काम सांगावं लागेल. गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरच्या पश्चिमेला, वस्ती विरळ होत जायची तिथं, एका मोठ्या टिनाच्या शेडमध्ये पाण्याची प्रयोगशाळा होती. बी.एस्सी. झाल्यावर मी तिथं सहायक म्हणून लागले. शेडमध्ये एका होऊ घातलेल्या धरणाच्या सांडव्याची छोटी प्रतिकृती सिमेंटमध्ये बांधली होती. पंप सुरू केला की वरच्या टाकीतून पाणी सांडव्यावरून घसरत यायचं आणि खालच्या वळणदार पाटातून जोरात निघून जायचं. वळणावर पाणी बाहेरच्या भिंतीवर किती चढतं, ते आम्हाला मोजायचं होतं. खऱ्या धरणाची भिंत किती उंच घ्यायची, ते त्यावर ठरणार होतं.

पूर्वी हे सुईनं मोजत. उभी सुई हळूहळू खाली आणायची, टोक पाण्याला टेकलं की आकडा वाचायचा, मग सुई पुढं सरकवायची. पण वाहतं पाणी आपल्यासाठी थांबत नाही. दुसरा आकडा घेईपर्यंत पहिल्या जागचं पाणी बदललेलं असे. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, ठरवलं की हे फोटोवरून मोजायचं. पाटाच्या वर, प्रवाहाच्या दिशेनं एक लोखंडी तुळई टाकली होती. तिच्यावर दोन कॅमेरे, एक थोडा मागं, एक थोडा पुढं. दोघांची शटर एकाच वेळी उघडायची, म्हणजे एका क्षणाचं सगळं पाणी दोन बाजूंनी काचेच्या प्लेटवर उतरतं.

अडचण एवढीच होती की पाणी पारदर्शक. कॅमेऱ्याला पाणी दिसतच नाही, तळ दिसतो. म्हणून आम्ही पाण्यावर कागदाच्या बारीक टिकल्या सोडायचो. कागदांना भोकं पाडायच्या पंचमधून ज्या गोल चकत्या पडतात, त्या. कार्यालयातले कारकून त्या माझ्यासाठी डब्यात जमवून ठेवायचे. पंप सुरू झाला की मी पाटावर टाकलेल्या फळीवर ओणवी होऊन त्या पाण्यावर भुरभुरायची आणि पटकन मागं सरायची.

मग यायचं यंत्र. त्यात दोन प्लेटा शेजारी शेजारी ठेवायच्या आणि दोन नळ्यांतून पाहायचं. डाव्या डोळ्याला एक फोटो, उजव्या डोळ्याला दुसरा. क्षणभर सगळं दुहेरी दिसतं, आणि मग एकदम सपाट फोटो उठून उभा राहतो. भिंती वर येतात, तळ खाली जातो, टिकल्या पाण्याच्या पाठीवर बसलेल्या दिसतात. त्यात एक छोटा काळा ठिपका तरंगत असतो. चाक फिरवून तो वरखाली करायचा, पाण्यावर अलगद टेकवायचा आणि आकडा वाचायचा.

हे सगळ्यांना जमत नाही. खुद्द सरांना जमत नव्हतं. लहानपणी विटी लागून त्यांचा एक डोळा गेलेला होता. ही पद्धत शिकून आले, यंत्र मिळवलं, पण त्यात जे दिसतं ते त्यांनी स्वतः कधी पाहिलं नाही. मला नोकरीवर घेताना त्यांनी मार्क पाहिलेच नाहीत. यंत्रापुढं बसवलं आणि काय दिसतं ते विचारलं. मी सांगितलं तसे ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले की हे शिकवून येत नाही, तुम्ही उद्यापासून या.

म्हणजे त्या शेडमध्ये माझी किंमत माझ्या दोन डोळ्यांची होती.

आणि डोळ्यांचं भय आमच्या घरात आधीपासून होतं. आम्ही उमरेडचे, विणकरांचे. वडील मागावर बसायचे, आई कांड्या भरायची आणि तुटलेले धागे जोडायची. मी शाळेत जायला लागले तेव्हा आईला दिसत नव्हतं. कसं गेलं, कधी गेलं, हे मला आठवत नाही. मला आठवते ती ओट्यावर बसलेली आई, मांडीवर सुताची लड, आणि बोटांनी धाग्याचं टोक शोधणं. बायका म्हणायच्या, बारीक सुतानं हिचे डोळे खाल्ले. मलाही तेच खरं वाटायचं. बारीक काम केलं की डोळे जातात. आणि मी तर दिवसभर त्याहून बारीक काम करत होते.

मी त्या दिवशी सरांना काही बोलले नाही. प्लेटा अजून नीट बसल्या नाहीत, असं सांगून वेळ काढला. डावी प्लेट उजवीकडे गेली की उंच ते खोल दिसतं, हे मला माहीत होतं. म्हणून प्लेटा काढून तपासल्या. त्या बरोबर होत्या. पाटाच्या भिंतीवर उंची ताडायला रंगवलेल्या खुणाही बरोबर दिसत होत्या. मग मागच्या महिन्यातल्या, कमी पाण्याच्या प्लेटा लावून पाहिल्या. त्यात पाणी तळाच्या वर होतं, जिथं असायला हवं तिथं. खरं तर एवढ्यावर मला धीर यायला हवा होता. पण घाबरलेलं मन सरळ चालत नाही. मला आठवलं, आई म्हणायची की पहिल्यांदा कधी दिसे, कधी नाही. जुनं दिसतं आणि नवं नाही, म्हणजे सुरुवात झाली, असं मी धरून चालले.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाल्यावर मी पंप चालवणाऱ्याला सांगून थोडं पाणी सोडायला लावलं. फळीवर गेले आणि हात पाण्यात घातला. आधी पाणी लागलं, मग तळ. परत हात वर घेतला, परत घातला. आधी पाणी, मग तळ. प्रवाहानं बोटं ओढली जात होती आणि मी वेड्यासारखी तेच करत होते. पंपवाल्यानं विचारलं, बांगडी पडली का. मी हो म्हटलं.

पुढच्या प्लेटा आल्या. भर पुराच्या पाण्याच्या होत्या. त्यात तर पाणी आणखी खोल गेलेलं दिसलं.

त्यानंतरचे दिवस मी डोळ्यांवर पहारा ठेवण्यात घालवले. सिटी बसमध्ये एक डोळा झाकून दुकानांच्या पाट्या वाचायची, मग दुसरा झाकून. डाव्यानं उजव्यापेक्षा अंधुक दिसलं असं वाटायचं, मग उजव्यानं. घरी सुईत दोरा ओवायची, पहिल्या फटक्यात गेला तरी परत काढून ओवायची. रस्त्यानं कुणी काठी टेकत जाताना दिसलं की मान फिरवायची. मनात सारखं येत होतं की नोकरी जाईल, मग उमरेडची एसटी धरावी लागेल आणि त्याच ओट्यावर जाऊन बसावं लागेल.

घर म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचं घर. ती माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न होऊन ती गोळीबार चौकाजवळ राहायला आली आणि मला पुढच्या शिक्षणासाठी तिनं उचलून इकडे आणलं. भाऊजी कापडाच्या मिलमध्ये पाळीवर असत. तिला मूलबाळ नव्हतं. माझी फी, माझी वेणी, माझा अभ्यास, सगळं तिनंच केलं. आईचे डोळे गेल्यावर उमरेडला मला न्हाऊमाखू घालणारीही तीच होती.

एकदा संध्याकाळी मी परातीत तांदूळ निवडत बसले होते. एक डोळा झाकून खडे शोधत होते. ताई चुलीपाशी होती. मला वाटलं तिचं लक्ष नाही. पण ती म्हणाली, "काय करून राहिली वं?"

मी म्हटलं, काही नाही.

"काई नाही कसं? चार दिवसांपासून पाहून राहिली मी. धड जेवत नाही, धड बोलत नाही. काहून असं?"

मग मला सांगावंच लागलं. यंत्राचं तिला कधीच नीट कळलं नव्हतं, म्हणून मी एवढंच म्हटलं, "ताई, मले पाणी चुकीचं दिसते. आईसारखं होऊन राहिलं मले."

तिनं तवा उतरवून ठेवला, हात पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि परात माझ्यापुढून ओढून घेतली. मग म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ. दोघीबी जाऊ."

डॉक्टर धरमपेठेत बसायचे. डोळ्यांचे जुने डॉक्टर, सगळे केस पांढरे. आम्ही सायकल रिक्षानं गेलो. मार्च संपत आला होता, ऊन तापायला लागलं होतं, आणि दवाखान्यात वाळ्याच्या ताट्या नुकत्याच लावल्या होत्या. त्या ओल्या वाळ्याचा वास एरवी मला फार आवडतो. त्या दिवशी तोही नकोसा झाला. माझा नंबर येऊच नये असं वाटत होतं.

डॉक्टरांनी अक्षरं वाचायला लावली. मग बाकावर झोपवून डोळ्यांत थेंब टाकले. डोळे बधिर झाले तसं त्यांनी एक लहानसं धातूचं यंत्र थेट बुबुळावर ठेवलं. दुखत नव्हतं, पण ते खाली येताना दिसत होतं, आणि मी बाकाच्या कडा घट्ट धरून ठेवल्या. नंतर त्यांनी मला भिंतीवरच्या काळ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्याच्या मधोमध एक खूण होती. तिच्याकडंच पाहायचं, नजर हलवायची नाही. डॉक्टर एका काळ्या काडीच्या टोकाला लावलेला पांढरा ठिपका पडद्याच्या कडेकडून मध्ये आणत, आणि तो दिसला की आपण सांगायचं. ठिपका आला की मी लगेच सांगत होते. घाबरून थोडं आधीच सांगत होते.

सगळं झाल्यावर ते म्हणाले की तुमचे डोळे माझ्या डोळ्यांपेक्षा चांगले आहेत. मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. मग काय दिसतं आणि कशात दिसतं, ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगितल्यावर त्यांना काही उलगडलं नाही. त्यांनी एवढंच म्हटलं की दोष असलाच तर यंत्रात पाहा.

मी एकदम हलकी झाले. हसूही आलं असेल. तेवढ्यात डॉक्टरांनी आईबद्दल विचारलं. कोणत्या वयात दिसेनासं झालं, दुखायचं का, दिव्याभोवती रंग दिसायचे का. मला काहीच सांगता येईना. ताईनं सांगितलं. तिनं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. आई आधी दाराच्या चौकटींना धडकायची. समोरचं दिसे, पण बाजूला ठेवलेला तांब्या दिसत नसे. बायका हसायच्या.

डॉक्टर म्हणाले, "सुतानं डोळे जात नाहीत. हा काचबिंदू असणार. तो घराण्यात उतरतो." मग ताईकडे पाहून म्हणाले, "आलाच आहात तर तुम्हीही बसा."

"मले काई नाही झालं," ताई म्हणाली. "मी हिच्यासंगं आली."

पण ती बसली. डॉक्टरांचा शब्द मोडायचा कसा, म्हणून बसली.

थेंब झाले, ते बुबुळावरचं यंत्र झालं. डॉक्टरांनी ते पुन्हा एकदा केलं. मग तिला काळ्या पडद्यासमोर बसवलं, तिचा एक डोळा झाकला. मी तिच्या स्टुलामागं उभी होते. डॉक्टरांनी उजव्या कडेकडून पांढरा ठिपका आत आणायला सुरुवात केली. मला तो पहिल्यापासून दिसत होता. ताई गप्प. ठिपका हळूहळू पुढं आला. ताई गप्प. मला वाटलं, तिला काय करायचं ते समजलंच नाही, आणि मी म्हटलं, "ताई, दिसला की सांग ना." डॉक्टरांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं.

ठिपका चालत राहिला. मला तो इतका स्वच्छ दिसत होता की हात पुढं करून तिला दाखवावा असं वाटत होतं. तिची मान ताठ, नजर सांगितल्याप्रमाणे मधल्या खुणेवर, शाळेतल्या हुशार मुलीसारखी. ठिपका खुणेच्या अगदी जवळ आला तेव्हा ती समाधानानं म्हणाली, "हं, आला."

डॉक्टरांनी तो डावीकडून आणला, वरून आणला, खालून आणला. प्रत्येक वेळी मी तो एकटीच पाहत होते. यंत्रात पाणी तळाखाली गेलं तेव्हा वाटलं नव्हतं एवढं भय मला तिथं, भर दुपारी, त्या गार खोलीत वाटलं.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवून सांगितलं. दोन्ही डोळ्यांत दाब वाढलेला आहे, डाव्यात जास्त. बाजूची नजर बरीचशी गेलेली आहे. तिनं विचारलं, म्हणजे आईसारखं का.

"आईला कुणी वेळेवर आणलं नाही," ते म्हणाले. "गेलेलं परत येणार नाही. उरलेलं आपण राखू."

परतीच्या रिक्षात मी तिचा हात धरला होता. कॉटन मार्केटच्या गर्दीत रिक्षा अडली तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलायला लागली. म्हणाली की वर्षभर झालं असेल, माणसं एकदम समोर उगवतात. कुणी नसतं आणि एकदम असतं. सायकल येते कुठून ते समजत नाही. चहा ओतताना कपाच्या बाजूला जातो. भाऊजी म्हणतात, वेंधळी झाली.

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"मले वाटे, वय झालं की सगळ्याईलेच असं दिसत असंन," ती म्हणाली.

त्या रात्री मी जागीच होते, एवढंच सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर गेले आणि सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. पाणी तळाखाली दिसतं, इतके दिवस दिसतं, आणि डॉक्टर म्हणतात माझे डोळे ठीक आहेत, असं एका दमात सांगून टाकलं.

सर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "भिंत कुठं दिसते?"

"जागेवर."

"भिंतीवरच्या खुणा?"

"त्याही."

"म्हणजे जे हलत नाही ते बरोबर दिसतं. आणि पाणी काठाशी कमी चुकतं, मध्ये जास्त?"

मी हो म्हटलं. ते उठून शेडमध्ये गेले, मान वर करून तुळईवरच्या दोन कॅमेऱ्यांकडे बघत राहिले आणि मग शिपायाला त्यांच्या घरून ग्रामोफोन आणायला पाठवलं.

ग्रामोफोन पाटाच्या तळाशी ठेवला, कोरड्यात. तबकडीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, तबकडी फिरती केली आणि नेहमीप्रमाणे दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो घेतले. प्लेटा धुवून होईपर्यंत आम्ही अंधारखोलीबाहेर उभे होतो. ओल्या प्लेटा उजेडात धरल्या तर एका प्लेटवर पट्टी जिथं होती, दुसरीवर त्याच्या पुढं गेलेली होती.

सरांनी मला समजावून सांगितलं. एक शटर दुसऱ्याच्या मागून उघडत होतं. डोळ्याचं पातं लवायलाही त्याहून जास्त वेळ लागत असेल. पण तेवढ्यात टिकल्या पाण्याबरोबर पुढं निघून जात. दोन फोटोंत टिकली दोन ठिकाणी पडली की डोळ्याला ते अंतर वाटत नाही, खोली वाटते. मध्ये पाणी जोरात, म्हणून तिथं जास्त खोल. काठाशी संथ, म्हणून कमी. जुन्या, कमी पाण्याच्या फोटोंतही हीच चूक असणार, फक्त दिसून येण्याएवढी नसणार. ते सगळं परत करावं लागणार होतं.

"तुमच्या डोळ्यांनी जसं होतं तसं वाचलं," ते म्हणाले. "मला लगेच का नाही सांगितलं?"

मी आईचं सांगितलं. ताईचंही सांगितलं. ते सांगताना मला रडू आलं. सर खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले की जाग आल्यावर ते डोळा उघडायच्या आधी जरा थांबतात. रोज. उघडल्यावर छताची तुळई दिसली की मग उठतात. एवढं बोलून ते प्लेटा घेऊन आत निघून गेले, आणि हा विषय आम्ही पुन्हा कधी काढला नाही.

शटर दुरुस्त करून आणली तरी सरांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला होता. त्यांनी पद्धतच बदलली. शेड पूर्ण काळोखी करायची, दोन्ही शटर उघडीच ठेवायची आणि झगझगीत उजेडाचा एकच लखकारा पाडायचा. उजेड एकच, तर क्षणही एकच. टिनाची भोकं डांबरानं बुजवली, खिडक्यांना काळं कापड लावलं.

काम चोख झालं, पण माझ्यासाठी ते दिवस वाईट होते. टिकल्या सोडायला मला फळीवर उभं राहावं लागे, आणि मग दिवे जात. बाहेर उन्हाची काहिली आणि आत मिट्ट काळोख. खाली पाणी गरजत असायचं. दिसत काहीच नसे. कडा कुठं आहे ते पायाच्या अंगठ्यानं चाचपायचं आणि हालायचं नाही. त्या काळोखात मला दर वेळी ताई आठवायची, स्टुलावर मान ताठ करून बसलेली. मग लखकारा व्हायचा. एका क्षणासाठी सगळं पाणी थिजल्यासारखं पांढरं दिसायचं, टिकल्यांसकट, आणि परत काळोख. दिवे लागल्यावर माझे दात वाजत असायचे. पंपवाला म्हणायचा की एप्रिलमध्ये थंडी वाजणारी मी पहिलीच.

नव्या प्लेटा यंत्रात लावल्या त्या सकाळी सर माझ्यामागं उभे होते. मी पाहिलं. पाणी तळाच्या वर होतं. वळणावर ते बाहेरच्या भिंतीवर असं चढलेलं होतं जसं कुणी अंगावरून चादर ओढून घ्यावी. मी ठिपका त्यावर टेकवत गेले आणि आकडे सांगत गेले. भिंत ठरवली होती त्याहून उंच हवी, असं त्यातून निघालं, आणि सरांनी ते वर कळवलं.

ताईचे थेंब सुरू झाले होते. थेंब टाकले की तिचं कपाळ ठणकायचं आणि सगळं अंधारल्यासारखं व्हायचं. दिसावं म्हणून औषध आणि औषधानं आणखी कमी दिसतं, याचा तिला राग यायचा. कधी कधी ती बाटली कोनाड्यात मागं सरकवून ठेवायची. मी ती पुढं आणून ठेवायची. आमची त्यावरून भांडणंही झाली. पाऊस संपल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशनचं काढलं. भाऊजी तयार नव्हते, ते म्हणत होते की आहे तेही जाईल. हेच भय मलाही होतं, पण मी ते बोलून दाखवलं नाही. ताईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आईले कोनी विचारलंच नव्हतं. मले विचारून राहिले ना? मंग करून टाका."

तिला आत नेलं तेव्हा मी आणि भाऊजी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडलं की दोघंही उठून उभे राहत होतो, आणि दर वेळी कुणीतरी दुसरंच बाहेर येत होतं.

पट्टी सोडली तेव्हा तिनं आधी डॉक्टरांचे पांढरे केस पाहिले. उजवा डोळा राहिला. सगळा नाही, मधला तुकडा, नळीतून पाहावं तेवढा. डावा पुढं काही वर्षांत गेला. आईचं झालं तसं तिचं झालं नाही. पण भीती गेली असं मी म्हणणार नाही. मी दरवर्षी धरमपेठेत जाऊन त्या काळ्या पडद्यासमोर बसते. ते डॉक्टर आता नाहीत, त्यांचा मुलगा आहे. आणि ठिपका दिसायला जरा उशीर झाला असं वाटलं की तो परत एकदा आणायला लावते.

तोवर मी वेगळं बिऱ्हाड केलं होतं; भाऊजी गेल्यावर ताई माझ्याकडं राहायला आली. पहिले काही महिने मी तिला एकटीनं कुठं जाऊ दिलं नाही. एक दिवस तिनं पिशवी उचलली आणि भाजी आणायला निघाली. रस्ता ओलांडायचा होता, ट्रकही जायचे तिथून. मी अडवलं नाही, पण जरा अंतर ठेवून मागोमाग निघाले. ती मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहायची, घुबडासारखी, मगच पाऊल टाकायची. कोपऱ्यावर आली आणि थांबली. मागं न वळता म्हणाली,

"मांगं मांगं येऊ नको वं. तुह्या चपला आयकू येतात मले."

मी थांबले. ती रस्ता ओलांडून गेली. एक सायकलवाला घंटी वाजवत तिच्या अंगावरून गेल्यासारखा गेला आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला, पण तिला काही झालं नाही. पिठाच्या गिरणीपाशी वळून ती दिसेनाशी झाली. मी तिथंच कोपऱ्यावर उभी राहिले, ती परत येईपर्यंत. ती आली, माझ्याजवळून मला न पाहिल्यासारखी पुढं गेली, आणि घरी आल्यावर पिशवी उलटी करून वांगी बाहेर काढली. त्यातली दोन किडकी निघाली म्हणून भाजीवाल्याला नावं ठेवत ती चिरायला बसली.